दोन रांगांमधली उचल : गिरणगावातल्या एका भजनी मंडळाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

चाळ पुनर्विकासात गेली आहे. मंडळाची खोली ३१ जुलैपर्यंत मोकळी करून द्यायची. तोवर तीन कामं उरकायची : सामानाची दुरुस्ती, वह्या आणि कॅसेटींच्या प्रती, आणि आज गाणाऱ्यांकडून सगळ्या चालींचं ध्वनिमुद्रण.

आज मोजदाद केली. पेटी १ (३७ पट्ट्यांची, खालची खर्ज आणि मधली नर अशा सुरांच्या दोन ओळी). पखवाज १. वीणा १. टाळ १८ जोड, त्यांतले चार जोड सुटे पडलेले. हस्तलिखित वह्या ९, हजेरीच्या वह्या ५, सप्ताहाच्या पहाऱ्यांच्या याद्यांची फाइल १. कॅसेटी १७ : बारा साठ मिनिटांच्या, चार नव्वदच्या, एक एकशेवीसची.

अभंगांचे शब्द वाचवणं हा या कामाचा हेतू नाही. शब्द गाथेत छापलेले आहेत आणि ते कुठे जाणार नाहीत. जाणार आहे ती चाल, आणि चालीपेक्षाही आधी जाणार आहे ती उचल, म्हणजे समोरची रांग कुठल्या अक्षरावर ओळ उचलते ते. हे ना गाथेत सापडतं ना वहीत. मंडळ घाटावरच्या माणसांचं, भजन वारकरी पद्धतीचं : समोरासमोर दोन रांगा आणि मधे पखवाज. शेजारच्या कोकणी मंडळांच्या संगीत भजनात बुवा पुढे आणि कोरस मागे असतो. तिथे बुवांचं गाणं टिपलं तरी बरंच हाती लागतं. इथे तसं होत नाही. एकटा कितीही चांगला गाणारा बसवून मुद्रण केलं तरी अर्धंच भजन मिळेल.

१२ जानेवारी, रविवार

कामांचा क्रम बदलला. पेटी कारागिराकडे आधी जाणार होती, ती आता शेवटी जाईल. जुन्या कॅसेटींत हीच पेटी वाजते आहे. कॅसेटीचा वेग बरोबर आहे की नाही हे ठरवायला ही पेटी हीच आपल्याकडची एकमेव मोजपट्टी. एकदा सूर (पेटीतल्या पितळी जिभा) घासले की ती गेली.

म्हणून आज ३७ पट्ट्यांचे दोन्ही ओळींचे मिळून ७४ सूर मोजले. पद्धत : खोलीतला पंखा बंद, भात्याचा दाब एकसारखा, एका वेळी एकच खुंटी (सुरांची ओळ उघडणारा खटका) उघडी, प्रत्येक सूर चार सेकंद. मोबाइलवरच्या ट्यूनरचा आकडा तीनदा घ्यायचा आणि मधला लिहायचा. भाता जोरात ओढला की सूर किंचित उतरतो, म्हणून भाता आणि पट्टी एकाच माणसाच्या हातात ठेवली.

मधल्या सप्तकातली काळी चार (चौथी काळी पट्टी) ४१८ हर्ट्‌झ भरली. प्रमाण ४१५.३ आहे, म्हणजे पेटी इथे साधारण ११ सेंट चढी (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सेंट). तिसऱ्या सप्तकाची पहिली पांढरी मात्र जवळजवळ २० सेंट उतरलेली. ती ऐकताना खटकते, पण ही खोडच पुढे कामाला येईल असं वाटतं. तक्ता दोन प्रतींत लिहून ठेवला.

२६ जानेवारी, रविवार

कॅसेटी. एकीवर पांढरी बुरशी आहे, ती वाजवायची नाही. यंत्राच्या डोक्याला लागलेली बुरशी पुढच्या प्रत्येक फितीवर पसरते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळी बांधली. चार कॅसेटींतली फितीमागची फेल्टची दाबपट्टी गळून पडली होती. तिच्याशिवाय फीत डोक्याला टेकत नाही आणि आवाज येतो-जातो. निकामी कॅसेटीतल्या पट्ट्या काढून बसवल्या. स्क्रूवाल्या कॅसेटी सहज उघडल्या. चिकटवलेलीचं कवच कापून फीत स्क्रूवाल्या कवचात घातली.

वाजवण्याआधी प्रत्येक फीत एकदा टोकापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे नेली. वर्षानुवर्षं घट्ट बसलेले वेढे त्याने सैल होतात, नाहीतर मधेच फीत चिकटून वेग डगमगतो. प्रत्येक कॅसेटीनंतर डोकं आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. डोक्याच्या बाजूचा तिरपाईचा स्क्रू टाळांचा आवाज सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथवर फिरवला. टाळ हे यासाठी फार सोयीचं वाद्य : डोकं जरा तिरपं झालं की आधी टाळ मंद होतात. डॉल्बी (फितीची खरखर दाबणारी सोय) बंद.

मुद्रण ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. तासाला साधारण २ जीबी लागतात. सोळा कॅसेटींचे १९ तास, म्हणजे ४० जीबीच्या आत. एकशेवीसची फीत फारच पातळ असते. ती एकदाच वाजवायची, मधे थांबवायची नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सहा क्रमांकाच्या कॅसेटीत षड्ज (सा) सुरुवातीला ४२४ आणि बाजू संपताना ४४३ भरतो. पेटीचा सूर गाता गाता चढत नसतो, तेव्हा वेगच बदलतो आहे. आपलं यंत्र तपासलं : कारखान्यात भरलेली कॅसेट त्यावर एकसारखी वाजते. म्हणजे दोष मूळ मुद्रणातला. बॅटरीवर चाललेल्या रेकॉर्डरचे सेल उतरत गेले, फीत हळू फिरली, आणि आता ठीक वेगाने वाजवली की आवाज चढा येतो. मुद्रणात विजेची घरघर अजिबात नाही, तेही या अंदाजाला धरूनच आहे.

पण ४४३ हा पांढरी सहाच्याही जवळचा आकडा. शेवटचे अभंग खरोखर पांढरी सहात गायले असतील का? इथे ती उतरलेली पांढरी कामी आली. काळी चार षड्ज धरला तर शुद्ध गंधार (ग) त्याच पट्टीवर येतो. पांढरी सहा धरला तर गंधार काळी एकवर जातो, आणि ती पट्टी सुरात आहे. कॅसेटीतला गंधार षड्जाच्या मानाने जवळपास तेवढाच उतरलेला आहे. तेव्हा स्वर काळी चारच. गुणोत्तर ४१८ भागिले ४४३, म्हणजे ०.९४४.

दुरुस्ती करताना नुसता स्वर उतरवायचा नाही, वेगच कमी करायचा. स्वर आणि लय दोन्ही एकत्र चढले होते, तेव्हा दोन्ही एकत्रच खाली आले पाहिजेत. प्रत्येक अभंगाला वेगळं गुणोत्तर लावलं. मूळ फाइलला हात न लावता दुरुस्त प्रत निराळी ठेवली आणि नावात गुणोत्तर लिहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

वह्या. सर्वांत जुनीची शिवण सुटली आहे, कडा कसरीने खाल्ल्या आहेत. पानांना आधी कोपऱ्यात मऊ पेन्सिलने क्रमांक दिले, कोऱ्या पानांनाही. कोरं पान वगळलं की पुढे कोणीतरी पान हरवलं म्हणून शोधत बसतं. जुना सेलोटेप ओढायचा नाही, शाई त्याच्याबरोबर निघून येते. तो तसाच ठेवून पानाचं चित्र घेतलं. फाटलेल्या ठिकाणी जपानी टिश्यूची पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ. फेव्हिकॉल नको, तो वाळला की कडक होतो आणि पुन्हा सुटत नाही.

चित्रं स्टँडला लावलेल्या मोबाइलने. दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, वरचा दिवा बंद. एक जण पान उलटतो, दुसरा कळ दाबतो आणि क्रमांक मोठ्याने म्हणतो. ताशी दोनशे पानं होतात. एकट्याने केलं तर निम्मीही होत नाहीत आणि चुका दुप्पट.

पहाऱ्यांच्या याद्या या सगळ्यात मोलाच्या निघाल्या. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. दोन तासांचा एक पहारा, दिवसाला बारा, सप्ताहाला चौऱ्याऐंशी. दर पहाऱ्याला दोघे, आणि यादीत अठ्ठावीस नावं, म्हणजे माणशी सहा पहारे. प्रत्येक नावापुढे गिरणीतली पाळी प., दु. किंवा रा. अशी लिहिली आहे : पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी ३.३०, दुसरी ३.३० ते रात्री १२, रातपाळी १२ ते सकाळी ७. रातपाळीवाल्याला दुपारचा पहारा, पहिल्या पाळीवाल्याला संध्याकाळचा, आणि मध्यरात्रीनंतरचे पहारे दुसऱ्या पाळीवरून सुटून थेट येणाऱ्यांना. खाडाखोड पुष्कळ आहे. एकाचा खाडा दुसऱ्याने भरल्याच्या खुणा जवळजवळ प्रत्येक पानावर दिसतात. एवढा हिशोब जुळवून सात दिवस वीणा खाली न ठेवणारी माणसं सुटीच्या एका दिवसावर जगत होती, हे यादी वाचताना पुन्हा पुन्हा जाणवतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षीच्या हजेरीच्या वहीत महिन्यागणिक नावं गळत जातात. बरीच माणसं गावी परतली. नावं खोडलेली मात्र नाहीत, पुढे नुसतं ‘गावी’ असं लिहिलं आहे. याच गळतीमुळे काही चाली मुंबईत उरल्या नाहीत.

९ मार्च, रविवार

नऊ वह्यांत ४१२ नोंदी, दुबार काढल्यावर २६३ अभंग. आधी २६३ चाली शोधाव्या लागतील असं वाटत होतं, प्रत्यक्षात चाली ४१ आहेत. कारण छंद. मोठ्या अभंगात चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा, चार : ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’. लहान अभंगात आठ-आठ : ‘जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले’. एका छंदाची चाल त्या छंदातल्या कुठल्याही अभंगाला बसते. वहीत म्हणूनच शब्दांवर ‘चाल : अमक्याप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं असतं. अक्षर कमी-जास्त असेल तिथे ओढ किंवा गर्दी कशी करायची हे गाणाऱ्याला अंगवळणी असायचं, लिहायची गरज वाटली नाही.

तक्ता चालीवार केला : छंद, स्थायी (चालीचा पहिला भाग) भातखंडे स्वरलेखन पद्धतीने, ठेका, उचलीचं अक्षर, कुठल्या वहीत, कुठल्या कॅसेटीत. ४१ पैकी २६ चाली आजची मंडळी खात्रीने म्हणतात, ९ फक्त कॅसेटींत आहेत, ६ कुठेच नाहीत, नुसती नावं.

१६ मार्च, रविवार, तुकाराम बीज

भजनाचं मुद्रण करून पाहिलं. फसलं. मोबाइल मधोमध जमिनीवर ठेवला होता. टाळ सुरू झाले की मोबाइल आपोआप आवाज आत ओढतो, टाळ थांबले की सोडतो, त्यामुळे गाणं फुगतं आणि आकसतं. शिवाय जमिनीजवळ पखवाजाचा धुम (डाव्या तोंडाचा खोल आवाज) सगळ्यावर पसरला.

टाळांची कामं दुपारी केली. प्रत्येक वाटी दोरीने वेगळी टांगून लाकडी काडीने वाजवली आणि वजन केलं. वर्षानुवर्षं एकाची वाटी दुसऱ्याकडे गेली होती. नादाने आणि वजनाने जुळवून १४ जोड चांगले लागले. (तुकोबांच्या मागे चौदा टाळकरी होते असं परंपरा सांगते. आकडा जुळला याचा सर्वांना आनंद झाला.) दोन वाट्या बद्द वाजतात : भोकापासून केसाएवढी चीर. कासं ठिसूळ असतं, फरशीवर पडलं की चिरतं, आणि डाक देऊन नाद परत येत नाही. भोकाची कड दोरीला कापते, म्हणून गोल कानशीने कड मारली, आतून चामड्याची चकती घातली, मग ५ मिमीची सुती दोरी. नायलॉन नको, घामाने निसटतो.

३० मार्च, रविवार, पाडवा

पखवाज. खोड शिसवीचं, लांबी २६ इंच, धुमाचं (डावं) तोंड साडेनऊ, शाईचं (उजवं) सव्वासहा. खोडाला चार इंचांची चीर. पोटमाळ्यावर ठेवायचे आणि खाली शेगडी, त्या उष्णतेने लाकूड सुकलं. चिरेत त्याच लाकडाचा भुसा आणि इपॉक्सी भरून दोन दिवस बांधून ठेवलं. वाद्या (ताणाच्या चामडी पट्ट्या) कडक झाल्या होत्या, सगळ्या बदलल्या. दोन्ही पुड्या (तोंडांवरची कातडी) नवीन.

पुडी कोणत्या स्वराची हवी ते कारागिराला आधी सांगावं लागतं. जुनी काळी चारची होती. आज मंडळी पांढरी चारात गातात, म्हणजे तीन अर्धे स्वर खाली. काळी चारची पुडी तेवढी उतरवली की ढिली पडते आणि थाप उघडी बोलत नाही. पुडी काळी तीनची करून घेतली. तिथून अर्धा-एक स्वर वर-खाली ती सहज जाते.

मिळवायची रीत शिकणाऱ्या मुलांसाठी : मोठा फरक गट्ट्यांनी (वाद्यांखालच्या लाकडी ठोकळ्यांनी), बारीक गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर). गजऱ्यावर वरून ठोका दिला की स्वर चढतो, खालून दिला की उतरतो. एक घर (दोन वाद्यांमधला भाग) झालं की त्याच्या समोरचं घर, ओळीने गोल फिरायचं नाही, पुडी एकीकडे ओढली जाते. धुमाला कणीक ताजी मळलेली, पोळीच्या कणकेपेक्षा सैल. आधी बोटाने पाण्याचा हात फिरवायचा, मग मधोमध चार इंचांचा गोल. जास्त लावली की आवाज खाली जातो आणि गुदमरतो. भजन संपल्यावर लगेच काढायची. रात्रभर राहिली की वाळून पुडी ओढते, आणि झुरळं येतात ती वेगळीच.

१३ एप्रिल, रविवार

पेटी कारागिराकडून आली. भात्याच्या कोपऱ्यांना नवं मऊ कातडं, पट्ट्यांखालचं फेल्ट बदललं. दोन सूर आपोआप लागून राहायचे, ते या झिजलेल्या फेल्टमुळेच. सूर टोकाकडे घासला की चढतो, मुळाकडे घासला की उतरतो. घासून गरम झालेला सूर थंड झाल्यावर थोडा सरकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा. आम्ही जानेवारीचा तक्ता समोर ठेवून सगळे ७४ पुन्हा मोजले. आठ सूर पाच सेंटांहून जास्त बाहेर होते, ते परत करून घेतले. भात्याची चाचणी : पूर्ण भरून, पट्टी न दाबता सोडला तर तो जागीच राहिला पाहिजे. आधी तो लगेच मिटायचा.

४ मे, रविवार

मुद्रणाची मांडणी जमली. दोन माइक मधोमध, साडेपाच फूट उंचीवर, एकाचं तोंड एका रांगेकडे, दुसऱ्याचं दुसरीकडे. हेडफोनवर डाव्या कानात एक रांग आणि उजव्यात दुसरी येते, त्यामुळे उचल कोणी आणि कुठे केली हे नेमकं कळतं. रांगा माइकपासून सहा फुटांवर, सात-सात जण. पखवाज मधून काढून एका टोकाला नेला. पखवाजी नाखूश होते, कारण दोन्ही रांगांचे हात त्यांना दिसले पाहिजेत. टोकाला जरा उंच पाटावर बसवल्यावर दिसू लागले. आवाजाची पातळी हाताने लावलेली, शिखर उणे १२ डेसिबलवर. आपोआप पातळी बंद.

आधी टाळांशिवाय चाल टिपायची असं ठरवलं होतं. ते चाललं नाही. टाळ नसले की दुसरी रांग उचलीला उशीर करते, कारण उचल शब्दावर नाही, शेजाऱ्याच्या हातावर बघून होते. शेवटी प्रत्येक रांगेत एकच जोड ठेवला. अशी एक फेरी, मग सर्व टाळांसह एक.

उचल कशी ते ‘सुंदर ते ध्यान’वर पाहा. पहिली रांग ‘ठेवोनिया’च्या शेवटच्या ‘या’वर असते तेव्हाच दुसरी ‘सुंदर’ उचलते. एक मात्रा दोन्ही रांगा एकत्र गातात. त्या मात्रेमुळे भजनात पोकळी पडत नाही आणि पहिल्या रांगेला सावकाश श्वास घेता येतो. रांगेत सत्तरीचे चार जण आहेत. ते तासभर टिपेला गाऊ शकतात ते याच मात्रेच्या जोरावर.

१८ मे, रविवार

हरवलेल्या सहा चालींसाठी गावी जाऊन आलो. फोनवरून मिळवायचा प्रयत्न आधी केला होता : नेटवर्क मधेच तुटतं आणि नेमकी उचलच गळते. गावच्या देवळात जुने पाच जण एकत्र बसवले. एकेकट्याला विचारलं तेव्हा दोनच चाली आठवत होत्या. समोरासमोर बसवून हातात टाळ दिले, ओळखीच्या चालीने सुरुवात केली, आणि अर्ध्या तासात आणखी दोन आल्या. आठवण्याची पद्धत म्हणून हे लिहून ठेवण्यासारखं आहे : नाव विचारू नये, त्याच छंदातली शेजारची चाल सुरू करावी. टाळ मुंबईहून नेलेले होते, ते तिथेच देऊन आलो.

१ जून, रविवार

२६ चाली पूर्ण, कॅसेटीतल्या ९ पैकी ७ बसल्या. स्वर काळी तीन. वरच्या पंचमाला तरुण पोरं, खालचा भरणा वडीलधाऱ्यांचा. दोन्ही रांगांत दोन्ही वयं मिसळली. आधी एका रांगेत सगळी मुलं होती, तेव्हा उजवा कान चढा आणि डावा दबलेला येत होता, आणि मुलांना हात बघायला कोणी नव्हतं. नव्या मुलाला डावीकडे जुना टाळकरी, पहिलं वर्ष फक्त ध्रुपद (पालुपद). हा मंडळाचा जुनाच नियम आहे आणि तो का आहे ते हेडफोनवर कळलं.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

कॅसेटीतल्या उरलेल्या दोन आणि गावाहून आणलेल्या चार चाली आज दोन रांगांत उभ्या राहून म्हटल्या. मुद्रण मांडणी ४ मेची. तिसऱ्या चालीला दुसरी रांग दोनदा एक अक्षर आधी उचलून बसली. गावच्या मुद्रणाशी ताडून दुरुस्त केली, चौथ्यांदा बसली. हजेरी २३.

२० जुलै, रविवार

प्रती तीन : एक हार्ड डिस्क अध्यक्षांकडे, एक गावच्या देवळाच्या कपाटात, एक ऑनलाइन साठ्यात. डिस्क दर आषाढी-कार्तिकीला उघडून दोन फाइली वाजवून बघायच्या. वह्या आम्लरहित कागदात गुंडाळून, डांबरगोळ्या न घालता, सिलिका जेलसह लोखंडी ट्रंकेत. पेटी आणि पखवाज पोटमाळ्यावर ठेवायचे नाहीत. नवी जागा मिळेपर्यंत दर गुरुवारचं भजन आळीपाळीने सभासदांच्या घरी, यादी खोलीच्या दारावर लावली आहे.

बाकी : दोन चाली सापडलेल्या नाहीत (वही ४, पान ६१ आणि वही ७, पान १८, दोन्ही लहान अभंगाच्या). बुरशीची कॅसेट जाणकाराकडे साफ करायला द्यायची आहे. तिच्या कागदावर पान ६१ वरच्या अभंगाचं नाव पेन्सिलने लिहिलेलं आहे.